न पडणारा खेळाडू

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. अर्थात पाठीमागे. ते तिला माहीत होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाटत नसे, कारण ज्यांनी हे नाव ठेवलं होतं त्यांच्यातल्या एकालाही तिने पहिलीतून दुसरीत घातलं नसतं.

मोठ्या पडद्यावरचे व्हिडिओ गेम हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर बसवून द्यायचे, हा त्या कंपनीचा धंदा. थोरल्या भावाचा कोट उसवून धाकट्याच्या मापाचा शिवावा, तसलं काम. चांगलं झालं तर कुणी नाव घेत नाही, बाह्या लांब राहिल्या तर शिव्या मात्र पडतात. मास्तरीण त्या कामात मुरलेली होती. आणि इतकी वर्षं लोकांचे कोट उसवल्यावर मालकाच्या मनात आलं की आता आपलाच एक नवाकोरा शिवू या. स्वतःचा गेम. स्केटबोर्डचा.

मालकाला 'दादा' म्हणायचं, हा खुद्द मालकाचाच हुकूम होता. "साहेब-बिहेब नको, आपण एक कुटुंब आहोत," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि कुटुंबातल्या कुणाला घरी बसवायचं झालं की ते सांगायला दुसऱ्याला पुढे करत. हातात थंड कॉफीचा ग्लास घेऊन दिवसभर टेबलाटेबलांमधून हिंडायचे, कुणाच्याही पडद्यावर बोट टेकवायचे, काचेवर डाग पाडायचे आणि म्हणायचे, "इथे जरा मजा वाढव." मजा म्हणजे काय मीठ आहे, चिमूटभर घालायला? त्यांना स्वतःला गेम खेळता येत नसत. पण गेमवर बोलायला लागले की ऐकणाऱ्याची मान अवघडायची. उथळ पाण्याला खळखळाट फार.

"स्केटबोर्डच का?" पहिल्याच बैठकीत मास्तरणीने विचारलं होतं.

"कारण ते भारी दिसतं."

तिने पेनाला टोपण लावलं.

पण काम पदरात पडलं की ते नीट करायचं, ही तिची खोड होती. पोऱ्याच्या हालचाली तिच्याकडे आल्या. गेममधल्या त्या फळीवरच्या मुलाला ऑफिसात सगळे 'पोऱ्या' म्हणत. तो उडी कशी मारतो, लोखंडी कठड्यावरून घसरताना तोल कसा सांभाळतो, आणि तोल गेला तर पडतो कसा, हे सगळं तिने ठरवायचं.

फळीवर पाय ठेवायचं तिचं वय नव्हतं आणि इच्छा तर मुळीच नव्हती. मग ती जाऊन बघत बसायची. शहरात एक बंद पडलेला तरणतलाव होता, त्याच्या मागे गाड्या लावायचा सिमेंटचा उतार. तिथे फळीवाले जमत. थर्मासमधला चहा घेऊन ती कट्ट्यावर बसायची आणि त्यांच्याकडे बघून नाक मुरडायची. घामट टोप्या, फाटके बूट, कुणाच्या तोंडात सरळ वाक्य नाही. एकमेकांशी बोलायचे ते निम्मं हातवाऱ्यांनी. नगरपालिकेने लावलेला प्रत्येक कठडा त्यांनी खरवडून काळा केला होता. तिला ते सगळे उनाड वाटायचे, आणि होतेही.

फक्त एका गोष्टीला तिला नाव ठेवता येईना. ती पोरं पडायची. दिवसभर पडायची, कोपरावर, कमरेवर, तोंडावर. पडलं की आजूबाजूला कोण बघतंय हे न बघता उठायची आणि पुन्हा तिथूनच फळी सोडायची. तिच्या ऑफिसात एखाद्याची चूक दाखवली तर तो आधी दाराकडे बघायचा, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

म्हणून तिने पडणं मन लावून केलं. कठड्यावर चढलं की खेळणाऱ्याचा डावा अंगठा म्हणजे पोऱ्याची कंबर. अंगठा तसूभर जास्त गेला की पोऱ्या कलंडणार, आणि कलंडला की जसा वेग असेल तसा आपटणार. दर वेळी वेगळा. त्या लहानशा यंत्रात एवढा हिशेब बसवायला तिने बाकीच्यांनी चित्रात काढलेली किती झाडं कापली, किती ढग पुसून टाकले, त्यावरून दोन भांडणं झाली. चित्रं काढणारा तिच्याशी बोलेनासा झाला. तिला त्याचं बोलणं आधीच नकोसं होतं, त्यामुळे तो नफाच.

खेळ अवघड झाला. पहिल्या जिन्याच्या चार पायऱ्या ओलांडायलाच माणसाला बराच वेळ झगडावं लागे. पण ज्या घटकेला त्या ओलांडल्या जात, त्या घटकेला माणूस खुर्चीतून उठून उभा राही. चित्रं काढणारासुद्धा उठला होता, आणि तिने बघितलंय म्हटल्यावर लगेच बसला होता.

मग आला चॅम्पियन.

कव्हरवर कुणाचा तरी चेहरा हवा, असं दादांचं मत. या माणसाने बऱ्याच वर्षांपूर्वी फळीवरचा कुठलासा मोठा करंडक जिंकला होता, आणि तेव्हापासून तो तोच करंडक जिंकत होता. आता तो बूट विकायचा, सरबत विकायचा, केसांना लावायचा चिकट लगदा विकायचा. करारात लिहिलेलं होतं की गेम बाजारात जाण्याआधी तो त्याने स्वतः खेळून पसंत करायचा. तो आला तेव्हा लिफ्टच्या आधी त्याच्या अत्तराचा वास वर पोचला. गुडघे गेलेले, त्यामुळे चालताना जरा झुलायचा; लोकांना ती ऐट वाटायची.

यंत्र हातात घेतलं, दोन मिनिटं खेळला, आणि पोऱ्या पहिल्या पायरीवर दातांवर आपटला. पुन्हा आपटला. पुन्हा. सगळं ऑफिस पाठीमागे उभं राहून बघत होतं.

"बटणं फार लहान आहेत," चॅम्पियन म्हणाला.

"सगळ्या जगात एवढीच असतात," मास्तरीण म्हणाली.

"आणि हे असं पडत नाही कुणी. मी नाही पडायचो असा."

नाचता येईना, अंगण वाकडं. ती काही बोलणार तेवढ्यात दादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला काचेच्या खोलीत नेलं. त्या खोलीत बोललेलं बाहेर ऐकू येत नाही असा दादांचा समज होता. सगळ्या ऑफिसला सगळं ऐकू येई.

"उद्घाटनाला पत्रकार येणार. तो सगळ्यांसमोर खेळणार. त्याने पडता कामा नये."

"मग त्याला शिकवते."

"शिकव की!" दादा खूश झाले.

तिने एक अख्खी दुपार त्याला शिकवायचा प्रयत्न केला. अंगठा असा ठेवा, आता थांबा, आता सोडा. तो मोबाइलवर स्वतःचे जुने फोटो बघत होता. एकदा तिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधी फळीवर उभ्या राहिलाय?"

"नाही."

"मग?" आणि विजयी मुद्रेने तो हसला. पोऱ्या पायरीखाली पालथा पडला होता तो पडलाच होता.

त्या दुपारनंतर तिने जे केलं ते रागाने केलं नाही, हे इथे सांगायला हवं. राग आला असता तर ती भांडली असती. तिला आली होती ती किळस. तुमची लायकी एवढीच ना, मग घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बसून तिने गेमची एक वेगळी आवृत्ती तयार केली. तिचं नाव ठेवलं 'पाळणा'. तिच्यात पोऱ्या पडतच नसे. कुठलंही बटण दाबा, वेळेवर दाबा, उशिरा दाबा, सगळी एकदम दाबा. पोऱ्या आपला उडी मारणार, हवेत फळी फिरवणार, कठड्यावरून सुळकन घसरणार आणि मांजरासारखा अलगद चार चाकांवर उतरणार. तोल तोच सांभाळणार. वर प्रेक्षकांच्या टाळ्यांचा आवाज तिने मुद्दाम मोठा केला. हे सगळं करायला तिला जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही, आणि खरा खेळ घडवायला किती लागला होता हे तिलाच माहीत.

उद्घाटनाला चॅम्पियन खेळला. मागे मोठ्या पडद्यावर पोऱ्या गरगर उडत होता, आणि हा यंत्राची बटणं दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी टोचत होता. लोक ओरडले. पत्रकारांनी फोटो काढले. चॅम्पियनचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि शेवटी शेवटी तर त्याने डोळे मिटून घेतले, एखादा गवई समेवर येताना मिटतो तसे. मास्तरीण मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभी होती. तिच्या लक्षात आलं की या गाढवाला हे खरं वाटतंय.

व्यासपीठावरून उतरल्यावर तो थेट तिच्याकडे आला. "बघितलंत? सवयीचा प्रश्न होता. पसंत आहे मला. हाच, मी आत्ता खेळलो तो. हाच बाजारात गेला पाहिजे."

"तो वेगळा होता," ती दादांकडे बघत म्हणाली.

"हाच जाणार," दादा म्हणाले.

पुढचा वाद काचेच्या खोलीत झाला.

"दादा, त्या गेममध्ये खेळच नाहीये."

"लोकांना जिंकायला आवडतं."

"जिंकणं कुठेय त्यात? यंत्र टेबलावर ठेवून चहा प्यायला गेलात तरी पोऱ्या उड्या मारत राहील."

"मग चहाही होईल!" दादा स्वतःच्या विनोदावर हसले. "हे बघ, त्याला तुझा तो खरा गेम घरी मिळाला, आणि तो पुन्हा तोंडावर पडला, तर सही मागे घेईल. आणि बाकीच्यांनाही कशाला पाडायचं? दिवसभर काय कमी पडतात लोक?"

पालथ्या घड्यावर पाणी. तिने एक कप चहा होईपर्यंत वाद घातला, मग सोडून दिला. कुणासाठी भांडायचं? खेळणारेही यांच्याच जातकुळीतले असणार. घ्या पाळण्यातले झोके.

आणि गेम तुफान चालला.

गेमवरचे अभिप्राय ती वाचत गेली तशी तिच्या तोंडाची चव जात राहिली. एका परीक्षकाने लिहिलं की असा 'मनात आणताच घडणारा' खेळ त्याने आजवर पाहिला नव्हता. दुसऱ्याने लिहिलं की बटणं आणि बोटं यांच्यातलं अंतरच नाहीसं झालंय. झालंच होतं, कारण बटणांना तारच जोडलेली नव्हती. तिसऱ्याने शेवटचा टप्पा 'अंमळ आव्हानात्मक' असल्याचं कौतुक केलं. तिचा एक मावसभाऊ होता, ज्याला घराच्या कुलपात किल्ली घालताना दोन्ही हात लागायचे. तो तिला रोज खेळात मिळवलेल्या गुणांचे फोटो पाठवू लागला. 'ताई, माझ्यात ही कला होती हे मलाच माहीत नव्हतं,' त्याने लिहिलं. ताईने फोन पालथा ठेवला.

घरी मात्र ती हा विषय टाळत होती.

घरी आई होती. आई नोकरीतून निवृत्त झालेली, पण नोकरी आईतून निवृत्त झालेली नव्हती. वाहन चालवायचा परवाना देण्याआधी जी परीक्षा घेतात, त्या परीक्षेची ती परीक्षक. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, मांडीवर हात ठेवायचे, रस्त्याकडे बघायचं आणि गाडी थांबली की म्हणायचं, "पुन्हा या." तिच्या त्या 'पुन्हा या'ने सबंध शहर वचकून होतं. सख्ख्या दिराला तिने नापास केलं, त्यावरून सासरी कित्येक वर्षं अबोला. स्वतःच्या मुलीला दोनदा. दुसऱ्या परीक्षकाकडे जाऊ का, असं मुलीने विचारलं तर आई म्हणाली होती, "तो ओळखीखातर पास करील. मग एखाद्याच्या अंगावर घालशील." तिसऱ्या वेळी पास केलं तेव्हाही आईने फक्त कागदावर सही केली, आणि मास्तरीण त्या दिवशी रस्त्यात एकटीच हसत सुटली होती.

मुलीने केलेला प्रत्येक गेम आई खेळायची. आवडीने नव्हे; तपासायला. चष्मा लावून, पाठ ताठ ठेवून, एकेक टप्पा हरत. "हे दार नीट उघडत नाही," म्हणायची. "हा माणूस धावताना घोट्यात वाकडा आहे." बहुतेकदा तिचं बरोबर असायचं.

"तुझा तो फळीचा खेळ आला म्हणे," आईने जेवताना विचारलं. "सगळे नाचतायत. मला नाही दिलास?"

"ऑफिसात आहे यंत्र."

आठवड्याने पुन्हा विचारलं. "दुकानात संपलाय," मास्तरीण म्हणाली. आईने तिच्याकडे चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पानातल्या भाकरीचा तुकडा मोडला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे तिने जन्मभर पाहिले होते.

मग पुरस्कार मिळाला. 'सर्वांना आपलासा वाटणारा खेळ', असं काहीतरी त्याचं नाव होतं. दादांनी सगळ्यांना घरच्या माणसांना घेऊन यायला सांगितलं, कारण आपण एक कुटुंब. आई इस्त्रीची साडी नेसून आली. मास्तरणीला व्यासपीठामागे बोलावलं म्हणून आईला तिने बाहेरच्या दालनात खुर्ची दिली. आईच्या शेजारच्या टेबलावर पाहुण्यांसाठी पाच-सहा यंत्रं मांडून ठेवली होती, हे तिने पाहिलंच नाही.

व्यासपीठावर दादा बोलले. स्वप्न, जिद्द, कुटुंब. चॅम्पियन बोलला. पडल्याशिवाय माणूस शिकत नाही, असं तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरणीच्या हातात काचेची एक जड वस्तू देण्यात आली. ती कसली आकृती आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

परत जाताना ती गाडी चालवत होती. आई शेजारी. हात मांडीवर, नजर रस्त्यावर.

"जेवण बरं होतं का?" मास्तरणीने विचारलं.

"थंड होतं." मग जरा वेळाने, "मी खेळले तुझा खेळ."

मास्तरणीने गिअर बदलला.

"बाहेर ठेवला होता. आधी मला वाटलं मला जमतंय. एकदम जमलं. कठड्यावरून काय गेला पोरगा! मला अगं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग चष्म्यावर वाफ आली म्हणून यंत्र खाली ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. तर तो आपला उड्या मारतोय."

"आई, ती माझी..."

"सिग्नल."

तिने ब्रेक दाबला. लाल दिव्यापाशी गाडी उभी राहिली. पुढून माणसं रस्ता ओलांडत होती.

"तूच केलंस ना ते?"

"हो. पण त्या मूर्खांसाठी केलं होतं. त्या चॅम्पियनला एक पायरी चढता येत नव्हती. शिकवायला गेले तर फोन बघत बसला. म्हटलं, जा, मर, घे तुला हवं ते. तुला नाही माहीत गं ती कसली माणसं आहेत."

"मला नाही माहीत? मी जन्मभर कुणाच्या शेजारी बसले? एकेक नमुने. एकाने मला थेट तळ्यात नेलं." आईने खिडकीची काच थोडी खाली केली. "सगळे गाढव होते. पण 'पुन्हा या' म्हणायचे ना मी, तेव्हा मला खरंच वाटायचं की हा पुन्हा येईल. कधीतरी जमेल याला. ज्याला जमणारच नाही असं तुला पक्कं वाटतं, त्यालाच तू असं पास करतेस. मलाही केलंस आज."

"तुझ्यासाठी नव्हतं ते."

"माझ्याच हातात आलं. हिरवा झालाय."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मास्तरणीने गाडी पुढे काढली. दारात आईने तिच्या हातातली काचेची वस्तू बघितली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "हे कुठे ठेवणार?" मास्तरणीने ती चपलांच्या कपाटावर ठेवली.

सकाळी ती दादांकडे गेली. खरा खेळ बाजारात आणा, निदान ज्यांना हवा त्यांच्यासाठी एक वेगळं दार ठेवा, असं तिने सरळ मागितलं. दादांनी थंड कॉफी हलवत ऐकून घेतलं. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, आणि तोंडावर हे नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं, "तू ना लोकांना फार कमी समजतेस. त्यांना हसू दे की."

लोकांना कमी समजणारी माणसं किती तऱ्हेची असतात, याचा तिला त्या घटकेला उलगडा झाला. पण दादांना तो सांगून उपयोग नव्हता.

गेमच्या सुधारणा खेळणाऱ्यांच्या यंत्रांवर पाठवायचं काम तिचंच होतं. बारीकसारीक दुरुस्त्या ती दर थोड्या दिवसांनी पाठवत असे. कुणी तिला विचारत नसे आणि कुणाला ते समजतही नसे. त्या दुपारी, भर दुपारी, सगळे जागेवर असताना, तिने 'पाळणा' काढला आणि त्याच्या जागी खरा खेळ ठेवला. सोबत एक ओळ लिहायची असते. तिने लिहिलं: 'आता पडता येईल.' बटण दाबलं. मग जाऊन कप विसळला.

संध्याकाळी चॅम्पियन त्याच्या चाहत्यांसमोर थेट प्रक्षेपणात खेळायला बसला होता. बूटवाल्यांची जाहिरात मागे झळकत होती. पोऱ्या पहिल्या पायरीवर दातांवर आपटला. चॅम्पियन हसला. पुन्हा आपटला. चॅम्पियनने यंत्र झटकलं, फुंकर मारली, दुसरं मागवलं. दुसऱ्यावरही पोऱ्या आपटला. "बटणं!" तो ओरडला. चाहते आधी गोंधळले, मग हसायला लागले, आणि मग त्यांनी स्वतःची यंत्रं उघडली तेव्हा हसणं थांबलं.

त्यानंतर जी बोंब उठली ती विचारू नये. गेम बिघडला, आमची कला चोरली, पैसे परत करा. 'मनात आणताच घडणारा' असं लिहिणाऱ्या परीक्षकाने लिहिलं की नव्या सुधारणेने खेळाचा आत्माच हरवला. मावसभावाने फोन केला. "ताई, माझं यंत्र खराब झालंय गं."

"नाही रे," ती म्हणाली. "ते आत्ताच बरं झालंय."

"मग मला का जमत नाही?"

"पुन्हा कर."

"केलं."

"पुन्हा कर, बाबा." तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती, आणि हे दोघांनाही जरा चमत्कारिक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दादांनी तिला काढलं. म्हणजे दादा आलेच नाहीत. हिशेब बघणाऱ्या बाईंनी काढलं. दुपारपर्यंत 'पाळणा' परत लागला. सगळं शहर पुन्हा हवेत उड्या मारू लागलं. मास्तरणीने खणातला थर्मास, एक शाल आणि कामासाठी दिलेलं एक यंत्र पिशवीत घातलं. यंत्र परत द्यायचं असतं, हे तिला माहीत होतं. तिने दिलं नाही. त्यावर खरा खेळ होता.

चित्रं काढणारा लिफ्टपाशी आला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "ते ढग मात्र तू उगाच काढलेस."

"खाली बघून खेळायचं असतं," ती म्हणाली. लिफ्ट आली.

घरी यंत्र तिने आईसमोर ठेवलं आणि आत गेली. बाहेरून आपटल्याचे आवाज येत राहिले. धप्प. धप्प. मधूनच आईचं पुटपुटणं. मास्तरीण कपड्यांच्या घड्या घालत कान देऊन बसली. मग आई तिथूनच ओरडली, "हे कुठल्या टोणग्याने केलंय गं? अंगठा मोडला माझा!" आणि पुन्हा धप्प. जेवणाची वेळ टळून गेली तरी आई उठेना, तेव्हा मास्तरणीला जाऊन यंत्र हातातून काढून घ्यावं लागलं.

काम मिळायला पुढे बरेच दिवस गेले. एका गेमच्या कंपनीत मुलाखतीला बोलावलं. समोर बसलेल्या गृहस्थाने तिचे कागद चाळले आणि गप्पा मारण्याच्या सुरात तोच विषय काढला. फळीच्या त्या गेममध्ये मध्येच एक दिवस काय गाढवपणा झाला होता, आठवतं? कुणी केला देव जाणे. तिने सांगितलं, "मी." त्याने कागद पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले. तिथे तिचं काम झालं नाही.

शेवटी एका वेगळ्याच ठिकाणी झालं. बंदरावरच्या मोठ्या क्रेन चालवायला शिकणाऱ्या माणसांसाठी तिथे खोटी क्रेन बनवत. खोलीत खुर्ची, दोन दांडे आणि समोर पडदा. चुकलं की पडद्यावर क्रेनला टांगलेला मालाचा भला मोठा पेटारा जहाजावर आदळायचा, आणि असा आदळला तरच माणूस शिकायचा, हे तिथे सगळ्यांना मान्य होतं. त्यावर बैठका होत नसत. काम चोख होतं. मात्र साहेब दर वाक्याला घसा खाकरायचा, शेजारच्या टेबलावरचा माणूस दिवसभर पायाने जमीन बडवायचा, आणि आराखडे काढणारी बाई तर शुद्ध बिनडोक होती. हे सगळं मास्तरणीला पहिल्याच आठवड्यात दिसलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.